फावडं रोवायचं राहिलं

बटणकाकूंना कोणी फसवलं असं सांगितलं, तर त्यांना ओळखणारा माणूस आधी हसला असता. फसायला माणूस मुळात जरा भाबडा लागतो, आणि बटणकाकू म्हणजे पक्क्या. उभं आयुष्य त्यांनी एका अरुंद दुकानात बटणं, दोरे, सुया आणि चेन विकण्यात घालवलं. गिऱ्हाईक दारात आलं की त्याच्या कोटाचं खालचं बटण वेगळं आहे हे त्यांना आधी दिसायचं, त्याचं तोंड मागाहून. कोणी "कालच नेलेला दोरा तुटला हो" म्हणत आलं, की दोरा बोटाला गुंडाळून त्या म्हणायच्या, "हा आमचा नाही. आमचा असता तर तुमचं बोट तुटलं असतं." अशी बाई. आणि तिचाच केसाने गळा कापला गेला. कापला तोही कोणी, तर जिच्याबरोबर निम्म्या आयुष्याचा चहा त्या एकाच थर्मासमधून प्यायल्या, तिने.

पण हे नीट सांगायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल, एवढ्याशा जमिनीसाठी काय हा कांगावा.

रुळांच्या पलीकडे, बंद पडलेल्या वीटभट्टीच्या मागे, एक लांबलचक जमीन आहे. ज्यांच्या घराला अंगण नाही अशा शहरातल्या लोकांना ती तुकड्या-तुकड्यांनी लावायला दिलेली. प्रत्येकाचा एक तुकडा, तुकड्यावर एक पत्र्याची खोपी, खोपीच्या वळचणीला पाण्याचं पिंप. सगळे तिला नुसतं 'बागा' म्हणतात. बटणकाकूंना तिथे तुकडा मिळाला तेव्हा त्यांचं नुकतंच लग्न झालं होतं आणि तुकडा म्हणजे निव्वळ विटांचे खडे होते. फावडं मारलं की ठणकन आवाज यायचा. नवरा म्हणाला, "घर बांधू या, भाजी कसली लावतेस?" त्यांनी ऐकलं नाही. दुकान मिटल्यावर रोज जाऊन त्या माती खणायच्या, चाळणीने चाळायच्या, खडे बादलीत भरून कुंपणाशी नेऊन टाकायच्या. दर पानगळीला रस्त्यावरचा पाला पोत्यांत भरून आणायचा, ढीग घालायचा, कुजवायचा, मातीत घालायचा. असं करता करता केस पिकले आणि मातीही काळी झाली. हातात घेऊन दाबली की गोळा व्हायची आणि बोट लावलं की सुटायची. ती माती कोणी त्यांना दिलेली नव्हती, त्यांनी ती केलेली होती. जीव अडकला होता म्हणतात ना, तसा त्यांचा त्या तुकड्यात अडकलेला होता. मूलबाळ नव्हतं. नवरा जाऊनही बरीच वर्षं झाली होती. दुकान त्यांनी पाय दुखायला लागल्यावर बंद केलं. उरला तो तुकडा, आणि घरात नणंद.

नणंदेला त्या 'वन्सं' म्हणायच्या. वन्सं लग्न न करता ग्रंथालयात पुस्तकांवर शिक्के मारत म्हाताऱ्या झाल्या होत्या, आणि मातीचं त्यांना वावडं होतं. भावजय बागेवरून आली की त्या दारातच वर्तमानपत्र पसरायच्या. "चपला इथे. गाजरं तिथे. आणि वहिनी, कृपा करून त्या गोगलगाईला परत सोडून ये, ती कोबीला चिकटून आलीय." पण डेलियाची फुलं आली की मात्र वन्सं काही बोलायच्या नाहीत. गडद लाल, जवळजवळ काळपट डेलिया. ते कंद वन्संच्या आईचे, म्हणजे बटणकाकूंच्या सासूबाईंचे. उन्हाळा सरता सरता पहिली फुलं घरात आली की वन्सं ती निळ्या बरणीत घालून आईच्या फोटोशेजारी ठेवायच्या आणि बरणीखाली डाग पडला तरी त्या दिवशी कुरकुरायच्या नाहीत.

त्या डेलियाची एक गोष्ट मात्र वन्संनाही माहीत नव्हती. सासूबाईंनी लग्नाच्या वर्षी अर्धे कंद रुमालात बांधून सुनेला दिले होते, "जगव" म्हणून. सून पडली दुकानदार. तिने पानगळीत कंद काढले, पुसले, आणि उंदीर लागू नयेत म्हणून बटणांच्या पत्र्याच्या डब्यात घालून झाकण गच्च लावून टाकलं. वसंतात डबा उघडला तर आत काळा चिखल, आणि असा वास की दुकानातलं गिऱ्हाईक बाहेर गेलं. ती रडत सासूकडे गेली. सासूबाई ओरडल्या नाहीत. "अगं, कंदालाही श्वास लागतो," एवढंच म्हणाल्या, आपल्याजवळच्या उरलेल्या कंदांतले निम्मे परत दिले आणि ही गोष्ट पोटात ठेवली. तेव्हापासून बटणकाकू दहिवर पडून, गोठून पानं काळी पडेपर्यंत थांबायच्या, मग कंद काढायच्या, पोकळ देठातलं पाणी निथळावं म्हणून काही दिवस उलटे ठेवायच्या, आणि मग उघड्या लाकडी खोक्यात कोरड्या वाळूवर मांडून जिन्याखाली ठेवायच्या, जिथे मातीच्या धास्तीने वन्सं कधी डोकावायच्या नाहीत. सासूबाई गेल्या, त्यांच्याकडचे कंद कधीच संपले. आता ते वाण होतं ते फक्त बटणकाकूंच्या तुकड्यावर.

आता दुसरी बाई. तिला सगळे टपालवाली म्हणायचे, कारण तिने जन्मभर घरोघरी टपाल वाटलं होतं. पाय लोखंडाचे, हसणं गडगडाटी. तिचा तुकडा बटणकाकूंच्या तुकड्याला लागून, मध्ये फक्त फळ्या टाकलेली पायवाट. टपालवाली फक्त पातेल्यात जाईल तेवढंच लावायची, म्हणजे बटाटे, कोबी, कांदे. "फुलं काय उकडून खाणारेस?" हा तिचा दर वर्षीचा प्रश्न. "तुझं डोकं उकडून खाईन," हे बटणकाकूंचं दर वर्षीचं उत्तर. मग फळीवर बसून एका थर्मासमधला चहा दोन झाकणांत.

बागांवर एक रीत होती. कोणी आजारी पडलं आणि पानगळीची कामं त्याच्याने होईनात, तर त्याचं स्वतःचं फावडं शेजाऱ्याने त्याच्या तुकड्याच्या पुढच्या कोपऱ्यात उभं रोवायचं. फावडं उभं दिसलं की सगळ्यांना कळायचं, हा तुकडा सोडलेला नाही, माणूस येणार आहे. मग जाता-येता कोणी चार बटाटे काढून ठेवायचं, कोणी पाला ओढायचं. फाटकाची किल्ली सांभाळणारे म्हातारे, ज्यांना सगळे किल्लीवाले म्हणायचे, ते पानगळीत एकदा सगळ्या बागांवरून फेरी मारायचे. रान माजलेला, फावडं नसलेला तुकडा दिसला, तर तो रांगेत पुढे असलेल्याला, किंवा सोडणाऱ्याने रांगेतल्या ज्याचं नाव सांगितलं त्याला मिळायचा. आणि त्याने त्यात हिवाळ्याचा लसूण लावला की मग तो तुकडा त्याचाच झाला. रांग लांब होती. लोक वर्षानुवर्षं नंबर लावून बसलेले असायचे.

टपालवालीचं पोटाचं ऑपरेशन झालं, त्या वर्षी तिचं फावडं बटणकाकूंनीच रोवलं होतं. दोन्ही तुकडे एकटीने खणले. टपालवालीची लेक तेव्हा शाळेत होती. ती शाळा सुटली की दुकानात यायची, गल्ल्यामागे बसून बटणांच्या रांगा लावायची आणि तिथेच डोकं टेकून झोपायची. चिमी म्हणायचे तिला. बटणकाकूंनी तिला दोऱ्याला गाठ मारायला शिकवलं, वाटाण्याचे वेल काठीला बांधायला शिकवलं. आता चिमी मोठी झाली होती, लग्न करून एका खोलीच्या घरात राहत होती आणि तिचाही नंबर रांगेत होता.

यंदा शेंगा सुकत आल्या होत्या तेव्हा बटणकाकू माळ्यावरून परडी काढायला स्टुलावर चढल्या आणि स्टुलासकट खाली आल्या. खुब्याचं हाड मोडलं. दवाखान्यात टपालवाली धावत आली, तशीच मातीच्या बुटांनी. बटणकाकू भुलीतून नुकत्या बाहेर आलेल्या. त्यांनी पहिलं काय विचारावं? "माझं फावडं खोपीत दाराच्या मागे आहे. रोव आजच."

"रोवते गं बाई. तू आधी पाय हलवून दाखव."

"रोव म्हणजे झालं."

"रोवते म्हटलं ना!" टपालवालीने त्यांच्या कपाळावरून हात फिरवला. तो हात बटणकाकूंना पुढे फार दिवस आठवत राहिला.

घरी आणल्यावर त्या खाटेला खिळल्या. आणि टपालवाली, काय सांगावं, रोज यायची. दुपारचा चहा व्हायच्या वेळेला जिन्यावर तिचे जड पाय वाजायचे, हातात सुपाचं भांडं. वन्सं दार उघडायच्या, तिच्या बुटांकडे बघायच्या आणि वर्तमानपत्र सरकवायच्या. मग टपालवाली खाटेच्या काठावर बसून बागेची खबर सांगायची. आज शेंगांचे वेल काढले. बटाटे काढले, तीन पोती झाली. खोपीचा पत्रा उडाला होता, तो ठोकला.

बटणकाकूंना ते ऐकताना असं वाटायचं की आपण फळीवरच बसलोय. डोळे मिटून त्या ऐकायच्या आणि मध्येच तटकन उघडायच्या. "वेलांची मुळं उपटली नाहीस ना? मुळं मातीतच राहू दे, मातीला बळ येतं."

"नाही उपटली."

"गाजरं पिंपाच्या बाजूला लावू नकोस हं कधी. तिथे खाली अजून विटा आहेत, वाकडी येतात. आणि सफरचंदाच्या खाली पाणी साचतं, तिथे आधी चर काढ."

"कुठून काढू?"

"कुंपणाकडून. उतार तिकडे आहे. दिसत नाही, पण आहे."

टपालवाली सगळं नीट विचारून घ्यायची. लसणाची वेळ आली तेव्हा बटणकाकूंनी वन्संना कपाटावरून लसणाच्या गड्ड्यांची वेणी उतरवायला लावली. दर वर्षी त्या सर्वांत मोठे गड्डे बियाण्याला ठेवायच्या, खायला मधले. "हे घे. टोक वर, बोटभर खोल, दोन बोटं अंतर. आणि वरून वाळलेलं गवत टाक." टपालवालीने वेणी पिशवीत घातली. जाताना म्हणाली, "तुझ्यासारखी माती कोणाचीच नाही गं." बटणकाकू लाजल्या. अहो, म्हातारी बाई, कौतुकाने लाजली!

वन्सं मात्र पहिल्यापासून नाक मुरडायच्या. "वहिनी, ही रोज सूप का आणते?"

"मैत्रीण आहे माझी."

"मैत्रीण मलाही होती. तिने मला ऑपरेशनच्या वेळी एक केळं आणून दिलं होतं. एवढं सूप कोणी आणत नाही."

"तुम्हाला माणसात काही चांगलं दिसतच नाही, वन्सं."

"सुपात मीठ कमी असतं, तेवढं मला दिसतं," वन्सं म्हणाल्या, आणि वाटी चाटूनपुसून स्वच्छ केली.

मध्ये एकदा किल्लीवालेही येऊन गेले. टोपी हातात धरून बसले, हवेचं बोलले, गुडघ्याचं बोलले. बागेचा विषय काढीनात. बटणकाकूंनीच काढला तर म्हाताऱ्याने त्यांचा हात हातात घेतला. "काय सुरेख ठेवला होतात हो तुमचा तुकडा." डोळ्यांत पाणीबिणी. ते गेल्यावर बटणकाकू म्हणाल्या, "म्हाताऱ्याचं जरा डोकं चळलंय. ठेवला होतात म्हणे! मी काय मेले का?" आणि हसल्या. दोऱ्याचा एक पदर सुटलेला लांबून ओळखणारी बाई, पण तिला ते खटकलं नाही. विश्वास टाकला की माणूस डोळे मिटून घेतो, दुसरं काय.

पहिलं दहिवर पडलं त्याच सुमारास डॉक्टरांनी काठी घेऊन चालायची परवानगी दिली. टपालवाली येऊन गेली तरी त्यांनी तिला सांगितलं नाही. तिला चकित करायचं होतं! वन्संना हाताशी धरून त्या सकाळी बसने निघाल्या, थर्मास पिशवीत. फाटकापासून फळ्यांची वाट धरली तेव्हा त्यांचा जीव सुपाएवढा झाला होता. वन्सं चिखल चुकवत, स्कर्ट धरून, मागून कुरकुरत येत होत्या.

तुकडा समोर आला. आणि बटणकाकू थांबल्या.

सगळं जसंच्या तसं, जसं त्यांनी सांगितलं होतं. वेल काढलेले, मुळं मातीत. सफरचंदाखाली कुंपणापर्यंत सरळ चर. लसणाच्या ओळींवर वाळलेलं गवत. पाल्याचा नवा ढीग, कडा नीट दाबलेल्या. पिंप रिकामं करून पालथं घातलेलं, थंडीने फुटू नये म्हणून. नाव ठेवायला जागा नाही इतकं छान काम. फक्त पुढच्या कोपऱ्यात फावडं नव्हतं. फावडं मधोमध होतं आणि त्यावर पाय देऊन चिमी माती उलथत होती. खोपीच्या दाराला नवा निळा रंग लावलेला, आणि दारावर चिमीच्या नवऱ्याचा कोट.

"चिमे," बटणकाकू म्हणाल्या. "फावडं का काढलंस गं? फेरी झाली का?"

चिमीने वर पाहिलं. तिचा चेहरा पडला. तिने आईच्या तुकड्याकडे पाहिलं.

टपालवाली कोबीच्या ओळीतून उठून उभी राहिली. हाताची माती झटकली. बराच वेळ झटकत राहिली. "अगं, तू कशी आलीस? सांगितलं असतंस तर..."

"तर काय केलं असतंस?"

तोवर किल्लीवाले लगबगीने येताना दिसले, कारण वन्संनी, मातीचं वावडं असणाऱ्या वन्संनी, चिखलातून भराभरा जाऊन त्यांना बोलावून आणलं होतं. म्हाताऱ्याला धाप लागली होती.

"काकू, तुम्ही? ही तर म्हणाली, तुम्ही आता उठणार नाही. म्हणाली, तुकडा हिच्या लेकीला द्यावा असं तुम्हीच सांगितलंत. तुमच्यापुढे विषय काढू नका, त्रास होतो, असंही..."

बटणकाकूंच्या पायाखालची जमीन सरकली. ती जमीन, जी त्यांनी चाळणीने चाळली होती.

"मी म्हटलं? कधी?" त्या टपालवालीकडे वळल्या. "मी तुला काय म्हटलं दवाखान्यात? सांग यांना. फावडं रोव म्हटलं की नाही?"

टपालवाली त्यांच्याकडे बघत नव्हती. ती किल्लीवाल्यांना म्हणाली, "तिनेच सगळं दिलं. विचारा."

किल्लीवाले बिचारे कात्रीत सापडले. "काकू, फावडं तुम्ही दिलंत?"

"दिलं."

"हा लसूण तुमच्या बियाण्याचा?"

"माझ्याच."

"कुठे काय करायचं ते तुम्ही सांगितलंत?"

"सांगितलं. रोज सांगितलं," बटणकाकू म्हणाल्या. खोटं बोलायची त्यांना सवयच नव्हती, दुकानातही नव्हती. बोलता बोलता त्यांचं त्यांनाच कळलं की आपण स्वतःच्या हाताने हिला एकेक गोष्ट काढून दिली. उतार कुठे आहे तेसुद्धा. आणि टपालवाली रोज येऊन खाटेवर बसून जे सांगत होती, त्यात एक शब्द खोटा नव्हता. वेल काढले होते, चर काढला होता, लसूण लावला होता. कोणासाठी, एवढंच ती सांगत नव्हती.

किल्लीवाल्यांनी टोपी काढली, घातली. "लसूण लागलाय काकू. फेरी झालीय. आता ही स्वतः म्हणाली की मी खोटं बोलले, तरच मला काही करता येईल." ते टपालवालीकडे बघत उभे राहिले. सगळेच उभे राहिले. सफरचंदाची उरलीसुरली पानं पडत होती.

"बोल की," बटणकाकू म्हणाल्या. आवाज चढवलाच नाही त्यांनी. "एवढंच म्हण, चूक झाली. मी काही म्हणणार नाही. उद्या चहाला ये."

टपालवालीचा चेहरा लाल झाला होता. शेवटी ती बोलली, आणि बोलली तेव्हा रागावून बोलली, जणू तिच्यावरच अन्याय झाला होता. "तुझ्यामागे आहे कोण? उद्या तू गेलीस की हा तुकडा कोणा परक्याच्या घशात जाईल. माझी पोर एका खोलीत राहते. पोरीलाच मिळाला ना? तूच तिला लहानपणी खांद्यावर घेऊन फिरायचीस. मग तुला वाईट काय वाटतं?"

"मला वाईट काय वाटतं?" बटणकाकूंनी तेच शब्द परत म्हटले. मग त्यांना जे वाटत होतं ते त्या बोलल्या. "तू मागितला असतास तर कदाचित मी दिलाही असता. तू मागितला नाहीस. तू माझ्या खाटेवर बसून, मला सूप पाजून, तो काढून घेतलास. मी तुझी वाट बघायचे गं. दुपार झाली की कान जिन्याकडे लावून बसायचे. लाज नाही वाटली?"

टपालवालीने मान फिरवली. बटणकाकू चिमीकडे वळल्या. पोरीने "आई, हे खरं आहे का?" असं एकदा जरी विचारलं असतं, तर त्यांना बरं वाटलं असतं. चिमीने विचारलं नाही. ती बुटाच्या टोकाने माती उकरत राहिली, म्हणजे तिला ठाऊक होतं.

"फावडं दे," बटणकाकू म्हणाल्या. चिमीने दिलं. त्यांच्या एका हातात काठी होती, फावडं पेलेना. तेव्हा वन्सं पुढे झाल्या, चिखलाने भरलेलं ते फावडं त्यांनी आपल्या इस्त्रीच्या कोटाच्या खांद्यावर टाकलं आणि म्हणाल्या, "चल, वहिनी." वाटेत कुंपणाशी डेलियाची झुडपं उभी होती, दहिवराने काळी पडलेली. तेवढंच काम राहिलं होतं. बटणकाकूंनी तिकडे बघितलं आणि पुढे गेल्या. बसमध्ये लोक वन्संपासून लांब सरकून बसले. थर्मास तसाच भरलेला घरी आला.

त्या दिवशी वन्संनी दारात वर्तमानपत्र घातलं नाही. फावडं तसंच मातीसकट स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात उभं केलं. बटणकाकू त्याच्याकडे बघत खुर्चीत बसून राहिल्या, जेवल्या नाहीत. वन्संनी दोनदा काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. 'मी सांगत होते' हे वाक्य त्यांच्या जिभेवर आलं असणार, पण त्यांनी ते गिळलं, आणि वन्संच्या स्वभावाकडे बघता ही काही लहान गोष्ट नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी, रोजच्या वेळेला, जिन्यावर जड पाय वाजले.

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. "येऊ दे तर खरी," वन्संनी पदर खोचावा तशा बाह्या वर केल्या. बटणकाकूंनी हातानेच थांबवलं.

दारावर टकटक झाली. मग टपालवालीचा आवाज, नेहमीपेक्षा हळू. "मी आहे गं." आतून कडी निघाली नाही. "सूप आणलंय. दाराशी ठेवते." भांडं ठेवल्याचा आवाज. पण पाय वाजले नाहीत, म्हणजे ती गेली नाही. "हे बघ, रागावलीस ते बरोबर आहे तुझं. पण आई झाली की माणूस... जाऊ दे. तुला नाही कळायचं."

वन्सं उठल्याच. बटणकाकूंनी त्यांचं मनगट धरलं.

"एक विचारायचं होतं," दाराबाहेरचा आवाज म्हणाला. "तुझ्या त्या डेलियाचे कंद आज काढले. चिमीला फार आवडतात ती फुलं, ती म्हणते आपण ठेवू. मला फुलांतलं ओ की ठो कळत नाही, तुला माहितीये. तू सगळं सांगितलंस, तेवढं राहिलं. कशात ठेवायचे हिवाळाभर?"

काय धीट बाई! बटणकाकू खुर्चीत ताठ बसल्या होत्या. त्यांच्या डोळ्यांसमोर जिन्याखालचं लाकडी खोकं आलं, मागच्या वर्षीची वाळू अजून त्यात होती. रुमाल सोडणारे सासूबाईंचे हात आले. मग त्यांना दवाखान्यातला, कपाळावरून फिरलेला तो हात आठवला.

"पत्र्याच्या डब्यात," त्या दाराकडे बघून म्हणाल्या. आवाज अगदी साधा, दुकानात गिऱ्हाइकाला सांगावं तसा. "पुसून घे. आणि झाकण गच्च लाव, उंदीर लागतात."

"वाळू वगैरे काही?"

"काही नको."

"बरं." टपालवालीचा आवाज भरून आला. "तू मनाने फार मोठी आहेस गं. मला ठाऊक होतं."

वन्सं संतापाने लाल झाल्या होत्या. "अजून शिकवतेस तिला?" त्या दबक्या आवाजात फुत्कारल्या. "तिने तुझी जमीन घेतली, आणि तू तिला वर आईची फुलं जगवायला शिकवतेस? काय म्हणावं तुला, वहिनी! देव भलं करो तुझं." आणि मग, जरा थांबून, निळ्या बरणीकडे बघत त्या पुटपुटल्या, "निदान फुलं तरी राहतील म्हणा. कुठे का असेनात."

बटणकाकूंनी वन्संचं मनगट सोडलं नव्हतं, उलट आणखी घट्ट धरलं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि वन्संना वाटलं, ते तुकड्यासाठी आहे. जिन्यावरून पाय उतरत होते, सावकाश, एकेक पायरी. हाक मारली असती तर खालच्या दरवाज्यापर्यंत ऐकू गेली असती. बटणकाकूंनी दोनदा तोंड उघडलं. मग खालचा दरवाजा लागल्याचा आवाज आला.